मोजणी : मौनीबाबा

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्माच घातलाय, उरलेला मनानं.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला, की अजून मुक्काम ठोकून आहे? इकडे सगळे ठणठणीत, फक्त माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय आणि त्याला थोडी तूही जबाबदार आहेस. रागावू नकोस, आधी ऐक.

आमच्या प्रेसचे थोरले मालक पुस्तकं बांधायचं मशीन आणायचं म्हणतायत. ते आलं की आमचं शिलाईचं टेबल उठलं, म्हणजे मी आणि शिलाईवाल्या दोघी घरी. मालक म्हणाले, बारा जणांची बारा तोंडं ऐकणार नाही, बोलायला एक माणूस निवडा आणि महिनाअखेरीस पाठवा. उभे राहिले तिघे : मशीनमन (छपाईचं मशीन चालू असतानाही याचाच आवाज ऐकू येतो), प्रुफरीडरबाई (मालकांच्या बोलण्यातल्याही चुका काढतात) आणि कटिंगवाले काका, जे कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोजायला मला बसवलं, कारण मी बोलत नाही. (सगळे मला मौनीबाबा म्हणतात, ते तुला ठाऊक आहेच.)

हात वर झाले. मशीनमन पाच, बाई चार, काका तीन. झाला की मशीनमन! पण उरलेले सात खवळले, की आम्हा सात जणांना तो नको आणि निवडून तोच कसा? मला पटलं. (मला कुणाचंही पटतं, हाच तर माझा रोग.) मग काकांना बाजूला बसवून दोघांतच मोजलं. काकांचे तिघे बाईंकडे गेले, बाई सात-पाच. आता मशीनमनचे पाच जण उसळले, की बाईंपेक्षा काका परवडले, तेही मोजा! मोजलं तर काका आठ-चार. काका विरुद्ध मशीनमन मोजलं, तरी काकाच, सात-पाच. म्हणजे सगळ्यांत कमी हात ज्याला, तोच दोघांनाही चीत करतो! माणसं तीच, त्यांची मनं तीच, मोजायची तऱ्हा बदलली की निवडून येणारा बदलतो. तीस वर्षं तू नागरिकशास्त्र शिकवलंस, बहुमत म्हणजे लोकांचा कौल. अगं पण कुठल्या मोजणीतला?

म्हणून तुला विचारलं आणि तुझं उलट टपाली कार्ड आलं : प्रत्येकानं क्रम लावायचा, पहिल्याला सर्वांत जास्त गुण, शेवटच्याला एक. छान. मतपत्रिका आम्हीच छापल्या. आता आमच्या प्रेसचा दंडक असा, की काम करणाऱ्याचं नाव तळाला टाकल्याशिवाय कुठलाही कागद बाहेर जात नाही, साधं पावतीपुस्तकसुद्धा. तेव्हा तिघांच्या नावांखाली ओळ आली, ‘मोजणी : मौनीबाबा’. आणि जुळणीवाल्यानं सवयीनं चारही ओळींपुढे चौकोन ठेवले.

लोकांनी चारही भरले, मावशी! पहिला नंबर ज्यानं त्यानं आपल्या माणसाला दिला. दुसरा मात्र कुणी समोरच्याला देईना, न जाणो, तेवढ्यावर तो निवडून आला तर? झाडून सगळ्यांनी दुसरा नंबर (म्हणजे चारातले तीन गुण) मला देऊन टाकला. मशीनमन सत्तावीस, बाई सत्तावीस, काका तीस आणि मौनीबाबा छत्तीस. पहिला नंबर मला एकानंही दिला नव्हता. मीही नाही, मी काकांना दिला. (दुसरा स्वतःला दिला खरा, पण दुसऱ्या कुणाला दिला असता तर काकांचं नुकसान झालं असतं.) तीनदा मोजलं, शेवटी बाईंनी तपासून सही केली.

आता माझ्याच टेबलासाठी मीच बोलायचं. मालकांपुढे मी वीस वर्षांत ‘हो’ याखेरीज काही बोललेलो नाही. त्यांनी विचारलं, ‘मशीन आणू ना?’ तर तोंडातून काय निघेल? मला भीती वाटते, मावशी. दुसरं काही काम मला येत नाही. काय बोलायचं ते लिहून पाठव, पाठ करतो.

तुझा,
कुणाचाच पहिला नसलेला भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि तो दिवस येऊन गेला. मालकांनी विचारलं, तुझ्या मागे किती जण? मी खरं ते सांगितलं, की पहिल्या पसंतीचा एकही नाही, पण विरोधातही कुणी नाही. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, ही मोजणी मला दे. मशीनवरून चौघा मालकभावांत जुंपली आहे म्हणे. आता चौघांनी मत देऊन एक प्रमुख निवडायचा, आणि मशीनचं काय ते तोच ठरवणार.

ता. क. २. त्या चार मतपत्रिका छापायला आमच्याकडेच आल्या आहेत. पहिला नंबर चौघेही स्वतःलाच देणार, आणि दुसरा एकमेकांना मेले तरी देणार नाहीत, हे अख्ख्या प्रेसला माहीत आहे. मी गुण मांडून पाहिले. पुन्हा मांडले. तळाची ओळ ठेवू की काढू? शिलाईवाल्या दोघी म्हणतात, दंडक तो दंडक. उलट टपाली कळव. (‘नको’ लिहिणार असशील तर मोठ्या अक्षरांत लिही, बारीक अक्षर मला हल्ली दिसत नाही.)