मापाच्या वहीतली अकरा नावं

प्रिय कप्तान,

फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस, म्हणून तब्येतीची विचारपूस आधी कागदावर उरकून घेतो. छातीचे टाके आता ओढत नाहीत ना? पायातून शीर काढली तिथली सूज उतरली का? वहिनींच्या गुडघ्यांचं काय म्हणतोस? लेकीच्या घराचे तीन जिने त्यांना रोज चढावे लागतात, त्याचीच मला जास्त काळजी. लेक नोकरी करून तुझ्यावर पहारा ठेवते, तिला माझा मोठा आशीर्वाद सांग. जावईबापूंची पाठ धरली होती, ती सुटली का? आणि छोटीचे पुढचे दोन दात आले का? आमच्या हिचा रक्तदाब वरखाली चालूच असतो, बोलण्यावर मात्र त्याचा काही परिणाम झालेला नाही. मी ठीक. शिलाई मशीन माझ्यापेक्षा जास्त कुरकुरते.

दुपारी दुकान बंद करून, आतून कडी लावून लिहितोय. कडी लावल्याशिवाय इथे दोन ओळी सुचणं शक्य नाही. मैदानासमोर दुकान काढलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! आता वाटतं, स्मशानासमोर काढलं असतं तर निदान शांतता तरी मिळाली असती. तू कोचपद सोडून लेकीकडे गेल्यापासून आपला नवा कोच कोण होणार, तुझा सहायक की बाहेरचा कोणी, यावर माझ्या कापायच्या टेबलाभोवती रोज सभा भरते. कापड कोणी आणत नाही, मत मात्र जो तो घेऊन येतो.

बेकरीवाल्याला तू ओळखतोसच. सकाळची भट्टी विझली की तो पिठाच्या हातांनी माझ्या टेबलावर रेलतो आणि सुरू होतो. तुझ्या सहायकाला तो कधी नावाने बोलवत नाही, खुंटी म्हणतो. सामना सुरू झाला की तू कोट काढून त्याच्या हातावर टाकायचास ना, तेव्हापासूनचं हे नाव. आधी चेष्टेत होतं, आता त्याला काटे फुटलेत. परवा म्हणाला, "शिंपीदादा, खुंटीला कोट टांगतात, अख्खी टीम नाही टांगत!" आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की मी इस्त्री केलेल्या शर्टावर पीठ सांडलं. शेजारचा न्हावी तर ज्याची दाढी करतो त्याचं मत उचलतो. सकाळी सहायकाच्या बाजूने असतो, दुपारी बाहेरच्या माणसाच्या. मी एकदा चिडून विचारलं, "अरे, तुझं स्वतःचं काही आहे का?" तर म्हणतो, "हातात वस्तरा असताना मतभेद बरे नाहीत दादा."

या दोघांचं मी मनावर घेतलं नसतं. पण गणिताच्या बाईंचं काय करू? तीस वर्षं प्रत्येक सामन्याची नोंद ठेवणारी बाई. त्या आवाज चढवत नाहीत, चष्मा पुसतात आणि बोलतात, आणि मग बेकरीवालासुद्धा टेबलावरचे हात काढून घेतो. त्या म्हणाल्या, "चौदा वर्षं तो बाकावर बसला, त्याचे गुण मला देता येत नाहीत, कारण तो पेपर दुसऱ्याने सोडवला. त्याने एकट्याने सोडवलेला पेपर एकच. त्यात तो नापास झाला. मी उत्तरपत्रिका तपासते, चेहरा नाही." मी हातातली कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली. कप्तान, या वयात इतका संताप मला बरा नाही. तो त्या माणसांवरचा कमी होता आणि माझ्या बंद तोंडावरचा जास्त.

तुला मैदानावरची ती कपडे बदलायची खोली आठवते ना? बाकडी, पंख्याचा खटखटाट, औषधी तेलाचा वास, आणि कोपऱ्यात सुईदोरा घेऊन फाटलेल्या जर्सी शिवणारा मी. तिथला नियम तूच घातलास. खोलीतलं खोलीत. कोणी काय सुचवलं, कोण कोणाशी भांडलं, ते बाहेर न्यायचं नाही. सामना संपला की तू दारात उभा राहून विचारायचास, "कोणी ठरवलं?" आणि सगळे ओरडायचे, "आपण ठरवलं!" मला तर ते ऐकून अंगावर काटा यायचा. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पुढचं सगळं रद्दीच्या कागदांवरून वाचायला शिकलो. पण चांगली माणसं एकत्र कशी राहतात ते मी त्या दारात शिकलो, असं मी कुणालाही सांगतो. फक्त एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही. दाराबाहेर गेलं की त्या 'आपण'चा 'कप्तान' व्हायचा. तू चोरलं नाहीस, पण लोकांनी तुझ्या पदरात टाकलं आणि ते तू झटकलंही नाहीस.

करंडकाचा अंतिम सामना घे. एका गोलने मागे, वीस मिनिटं उरलेली. आपल्या त्या आडदांड बचावपटूला पुढे गोल मारायला पाठवायचं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? सामन्याआधीच्या सरावात त्यांचा गोलकीपर उंच चेंडूला घाबरून मागे सरतो, हे हेरलं कोणी? तू तर तुझ्या सहायकालाच म्हणालास, "वेड लागलंय का तुला? मागे भगदाड पडेल!" तो म्हणाला, "पडू दे. एकाने हरलो काय, दोनाने हरलो काय." मी पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथेच उभा होतो. तू दाढी खाजवलीस आणि त्याचं ऐकलंस, हा तुझा मोठेपणा. आपले दोन गोल झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात कप्तानाच्या धाडसावर अर्धं पान आलं, गावाने तुला खांद्यावर घेतलं. तो खाली उभा होता, तुझा कोट धुळीत पडू नये म्हणून छातीशी धरून. हसत होता, आणि ते हसू खरं होतं. म्हणूनच तर मला आता त्याचं जास्त लागतं.

आता जे लिहिणार आहे ते वहिनींना विचारून लिहितोय. मागच्या आठवड्यात मी त्यांना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिली आहे भावोजी, आता खरं बोलायलाही हरकत नाही. पण बसून वाचायला सांगा." तेव्हा बसलेला नसशील तर बस. पाणी जवळ घे.

हंगामाचा शेवटचा सामना आपण एका गोलने हरलो, तोही शेवटच्या मिनिटाला पेनल्टीवर, असं मी तुला दवाखान्यात सांगितलं होतं. ती पेनल्टी मी रचली, आणि वहिनींनी पेपर तुझ्या हाती लागू दिला नाही. रेफरीला दोन शिव्याही घातल्या, तुला खरं वाटावं म्हणून. कप्तान, आपण चार शून्यने हरलो. मध्यंतरालाच तीन झाले होते. बरोबरी झाली असती तरी आपण वरच्या गटात गेलो असतो, आणि गावाने चार गोल खाताना पाहिले. गणिताच्या बाईंचा तो नापास पेपर म्हणजे हाच.

पण तो पेपर त्याचा नव्हता. तू सरावात छाती धरून खाली बसलास, त्यानंतर पूर्ण आठवडा त्याने पोरांना बरोबरीसाठी तयार केलं होतं. मागे पाच माणसं, पुढे एकच, आणि आपला गोल मारणारा लंबू बाहेर, कारण लंबूचा दुखावलेला गुडघा अजून बरा झाला नव्हता. सामन्याला तासभर होता. तो मैदानावर पोरांचे पाय मोकळे करून घेत होता आणि मी खोलीत जर्सी मांडत होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. तुला आठवतं का? नर्स फोन काढून घेत होती आणि तू तिला दटावत होतास. मला म्हणालास, "लिहून घे शिंप्या, अकरा नावं." मी मापाची वही उघडली. एका बाजूला कुणाच्या तरी पँटची कंबर आणि उंची, दुसऱ्या बाजूला तुझी अकरा नावं. लंबू पुढे. मागे तीनच. "सांग त्याला, बरोबरीसाठी खेळायचं नाही, आपण जिंकून वर जायचं. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर मी हे बघून जातो."

मी ते पान फाडून त्याच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "काका, लंबू वीस मिनिटंसुद्धा टिकणार नाही. आणि मागे तीन ठेवले तर ते आपल्याला फाडून खातील. मी कप्तानांना फोन करतो." आणि मी, तुझा इतक्या वर्षांचा मित्र, मोठा शहाणा, मी त्याचा हात धरला. म्हणालो, "उद्या सकाळी त्याची छाती उघडणार आहेत. आजच्या दिवस त्याला नाही म्हणू नकोस." त्याने माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला लिहिता येणार नाही. मग पान खिशात घातलं आणि पोरांना तुझी अकरा नावं वाचून दाखवली, स्वतःची म्हणून. लंबू अठराव्या मिनिटाला लंगडत बाहेर आला. बाकीचं सांगत नाही.

सामना संपल्यावर पेपरवाले जमले. मला वाटलं, आता तरी बोलेल. तर म्हणाला, "संघ मी निवडला. चूक माझी आहे." बस्स, एवढंच. मी खोलीत त्याच्यावर ओरडलो, तर उलट मलाच समजावतो, "काका, खोलीतलं खोलीत. त्यांना शुद्ध आल्यावर पहिली गोष्ट ही कळायला हवी का?" माझ्याकडून शब्द घेतला. ते पान त्याने टाकायला काढलं होतं, ते मी मागून घेतलं. घडी घालून मशीनच्या खणात ठेवलंय, बॉबिनच्या डबीखाली. दोरा बदलायला रोज खण उघडतो आणि रोज तुझी अकरा नावं मला दिसतात.

येत्या रविवारी सभासदांची सभा आहे. हात वर करून कोच ठरणार. बाहेरगावचे एक गृहस्थ अर्ज घेऊन आले आहेत. गुळगुळीत कागदाची फाइल, गोड बोलणं. माणूस वाईट नसेलही, पण ते स्वतःचे दोन सहायक बरोबर आणणार आहेत. म्हणजे आपल्या माणसाला पुढची खुर्ची तर नाहीच, मागचा बाकही नाही. लांबच्या एका शाळेने त्याला खेळाच्या मास्तराची जागा देऊ केली आहे, सोमवारी तिथे हो किंवा नाही कळवायचंय. त्याची बायको इथल्या दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी इथे, तो तिथे. काल ती ब्लाउजचं माप द्यायला आली होती. म्हणाली, "काका, हे रात्रंदिवस एकच सामना मनात खेळतात आणि प्रत्येक वेळी चार शून्यनेच हरतात." मी तिच्या बाहीचं माप दोनदा चुकीचं लिहिलं.

आणि तू काय केलंस? अध्यक्षांनी फोन करून तुझं मत विचारलं, तर म्हणालास, "सभासद ठरवतील, मी मध्ये पडत नाही." मला माहीत आहे, तू न्यायाने वागायला गेलास. पण इथे त्याचा अर्थ काय लागला, ऐक. बेकरीवाला माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "बघा! चौदा वर्षं ज्याने जवळून पाहिलं तोच त्याच्यासाठी एक शब्द टाकत नाही. म्हणजे काहीतरी असणारच!" गणिताच्या बाईंनी मान डोलावली. न्हाव्याचं मत तर तिथल्या तिथे बदललं. तुझं गप्प राहणं इथे त्याच्याविरुद्धचं सगळ्यात मोठं मत झालंय कप्तान. मला तुझा असा राग आला की भेटला असतास तर ऑपरेशन वगैरे विसरून भांडलो असतो.

म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून शिफारस नको. चार ओळी हव्यात, तुझ्या अक्षरात, सभेत वाचून दाखवण्यासारख्या. ती अकरा नावं कोणाची होती आणि करंडकाच्या सामन्यात कोणाचं ऐकलंस, एवढंच लिही. मग लोकांनी त्याला निवडलं नाही तरी चालेल, निदान खरा पेपर तपासून नापास करू दे. त्याला यातलं काही माहीत नाही. कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही, ते मी सोसेन. शनिवारच्या टपालापर्यंत मी वाट पाहीन. तुझं पत्र आलं तर सभेत तुझं वाचीन. नाही आलं, तर उभा राहून मी माझं सांगेन, ते पान दाखवून, त्याला दिलेला शब्द मोडून, आणि त्याचा हात मी धरला होता हेही सांगेन. तुझ्यामागे तुझं नाव असं निघालेलं मला आवडणार नाही. तूच सांगितलेलं बरं. बसला आहेसच, तर आता उठू नकोस, छोटीकडून पेन मागून घे आणि आजच लिही.

तुझाच,
शिंपी