राखणदाराशी आईची ओळख

गावचं घर, ६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
किर्तीचा शि. सा. न. (एवढं काकूंनी सांगितलं, पुढचं माझं.) इथे फोनला रेंज नाही म्हणून पत्र.

शाळेत पहिल्याच दिवशी मी ऐटीत सांगितलं, की आमच्या लालबागला भुतं नसतात. चाळीत माणसांनाच जागा नाही, त्यांना कोण ठेवून घेणार. त्याच संध्याकाळी शेताच्या मेरेवर (बांधाला इथे मेर म्हणतात) राखणदार दिसला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पण पाऊल वाजत नाही. मी गिरणगावची वाघीण, एक चप्पल तिथेच टाकून माजघरात पोचले. सकाळी चप्पल उंबऱ्याशी नीट ठेवलेली होती. काकू म्हणतात, त्यानेच आणली.

आता त्याची भीती वाटत नाही, काळजी वेगळीच आहे. कोंडीरामकाका म्हणाले, ओळख नसलेल्या कुणाला तो आत सोडत नाही, जिवंत असो की मेलेला. आपल्या घरात नवी सून आली की नवरा मेरेवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, ही आमची म्हणून. आई तर इथे कधी आलीच नाही. मे महिन्यात ती गेली, तुमच्या रात्रपाळीमुळे मी इकडे आले. मला शोधत येऊन ती मेरेवरच अडली असेल. मी रोज तिचं नाव सांगून येते, पण मुलीचं चालत नाही म्हणे. तुम्ही याल का?

लोभ पत्रातून वाढत नाही, म्हणून स्वतःच या.
तुमची,
किर्ती

लालबाग, १४ नोव्हेंबर

चि. किर्तीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मग भात लावायला गेलो आणि नेहमीसारखा तिघांचा लावला. उरलेला शेजारच्या अंबिकावहिनी नेतात, आणि वर मीठ जास्त झालं म्हणून सांगतात.

तुझी आई अडून बसणारी नव्हे. मच्छीमार नगरची कोळीण ती, राखणदाराशी भांडत असेल. दर वर्षी गावाला जायचं ठरायचं, पण बाजारातली टोपली तिला सुटायची नाही. हसू नकोस, पण इथे खोलीत ती आहे असं मला वाटतं. नारळ ठेवला आणि ती तिकडे निघून आली, तर मी काय करू? अशी आहे तुझ्या शिकलेल्या बापाची गत.

तरी रविवारी येतो. तुझ्याकडे ती नाही, हे मला सहन होत नाही.

तब्येतीला जप, चपला सांभाळ.
तुझा,
बाबा

गावचं घर, २६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

तुम्ही ‘बा देवा म्हाराजा’पर्यंत बरोबर गेलात, पुढचं सगळं विसरलात. ही माझी बायको, हिला पोरीकडे जाऊ दे, एवढंच म्हणून रडायला लागलात. काकांनी तोंड फिरवलं. एवढं आखूड गाऱ्हाणं गावात कुणी घातलं नव्हतं म्हणे.

पण ते पोचलं. काल संध्याकाळी राखणदार मेरेवरून गेला. त्याची पावलं वाजली नाहीत, मागून बांगड्या मात्र वाजल्या. मी पुन्हा पळाले, चप्पलही पुन्हा टाकली, पण या वेळी बांगड्यांच्या आवाजाकडे पळाले. कुणी दिसलं नाही. ओल्या टोपलीचा वास होता.

तुम्ही घाबरू नका. आई पहाटे धक्क्यावर, मग बाजारात, आणि शाळा सुटताना माझ्या दारात असायची. तिला दोन घरं जड नाहीत. भात तिघांचाच लावत जा, फक्त मीठ कमी.

लोभ आहे, तो तिकडे जपा, मी इकडे जपते.
तुम्हा दोघांची,
किर्ती