ताक मागितलं की दाबायचं बटण

अप्पा,

या महिन्यात घरात काय काय आलं ते आधी लिहिते, कारण बाहेरून आल्यावर चप्पल काढता काढता तुम्ही तेच विचारायचा, काय आलं आणि केवढ्याला. एक मोबाईल, दुसऱ्यानं वापरलेला, कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून, साडेतीन हजार. त्याच्या काचेला चिकटवायचा कागद, साठ रुपये. मोबाईल उभा करायचं स्टँड, नव्वद. ते मी परत करायला लावलं, लोणच्याच्या बरणीला टेकवला तरी फोन उभा राहतो. आणि बेंगळुरूहून माझी मुलगी आली, दोन बॅगा घेऊन, नोकरी सोडून. ते केवढ्याला पडलं ते अजून कळायचं आहे.

तुम्ही तिला बघितलं नाही. तुमच्या माघारी दोन वर्षांनी झाली. तिला एक ॲप तयार करायचंय. ॲप म्हणजे मोबाईलमध्ये बसवलेली एक सोय, एवढं धरून चाला. खानावळीच्या दारात गर्दी असली की माणसानं त्यात आपलं नाव घालायचं आणि किती जण आहोत ते. मग फोन सांगतो, तुमच्या आधी पाच जण आहेत, बारा मिनिटं लागतील. तेवढ्यात माणूस बाजारातलं एखादं काम उरकून येतो, नंबर आला की त्याचा फोन वाजतो. मी सगळं ऐकून म्हटलं, "एवढ्यासाठी नोकरी सोडलीस? हे काम आमचे अप्पा नुसत्या तोंडानं करायचे." ती म्हणाली, "म्हणूनच इकडं आलेय. ते कसं करायचे, तेवढं सांग." आणि अप्पा, मला सांगता येईना. मालकांच्या खानावळीच्या दारात तुम्ही इतकी वर्षं माणसं बसवत उभे होता. तोंड रस्त्याकडं, पाठ आतल्या टेबलांकडं. मागं वळूनही न बघता म्हणायचा, "कोपऱ्यातली खुर्ची. दोन मिनिटं थांबा री." आणि दोन मिनिटांत ती खुर्ची रिकामी व्हायची. आम्ही पोरं ते रोज बघायचो. कसं कळतं हो तुम्हाला, असं एकानंही विचारलं नाही.

तिचा पहिला मोबाईल कागदाचा होता. जुन्या कॅलेंडरची पानं मी पाठकोरी म्हणून जपून ठेवते, ती तिनं तळहाताएवढी कापली आणि पेन्सिलीनं बटणं काढली. मी बटणावर बोट ठेवायचं की ती पान बदलणार. "मी काही सांगणार नाही," म्हणाली, "तू मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं." मनात येईल ते मोठ्यानं बोल, असं मला या वयापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. एकदा तोंड उघडलं आणि मग सुटलंच. किती माणसं विचारतंय, पण मांडीवर बसणारं पोर धरायचं का सोडायचं? हे बटण लाल का? लाल बघितलं की माझा हात मागं येतो. आणि ज्याच्याकडं मोबाईलच नाही त्यानं काय उपाशी जायचं? ती मान खाली घालून भराभर लिहीत होती. आमचे हे तारिहाळच्या कारखान्यातून रिटायर होऊन घरीच असतात. ते पेपराआडून म्हणाले, "तीस वर्षं मी हे फुकट ऐकलं, ही बघ, लिहून घ्यायलीय." हसले, पण मुदत त्यांनीच घातली आहे. दिवाळीपर्यंत एका तरी खानावळीनं हो म्हटलं पाहिजे, नाहीतर पोरीनं गुमान बेंगळुरूची नोकरी धरायची.

एक खानावळ म्हणजे कुठली, हे तुम्ही ओळखलंच असणार. आता मालकांचा मुलगा बघतो. मला अक्का म्हणतो. म्हणाला, "अक्का, तुमच्या अप्पांना ह्या कामाला फोन लागत नव्हता की ओ." पोरगी गप्प बसणारी नाही. "आता अप्पा न्हाईत न्हवं काका. रविवारी किती माणसं दारातनं परत जायलीत, ते मोजलासा काय?" त्यानं मोजलं नव्हतं. एक महिना करून बघा म्हणाला.

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. तिनं मोठ्या हॉटेलांसारखं टेबल धरलं होतं, म्हणजे चौघं उठले की टेबल रिकामं. आपल्याकडं चौघं मिळून कोण उठतंय? एका टेबलाला कोर्टातला कारकून, कारखान्यातला फिटर आणि लग्नाच्या खरेदीला आलेले अळणावरचे नवरा-बायको. फोन म्हणतोय भरलेलं, आणि दोन खुर्च्या मोकळ्या. मग फोनमधली टेबलं पुसून तिनं एकेक खुर्ची घातली. तरी वेळ जमेना. बसल्यापासून बावीस मिनिटं असा तिचा हिशोब, आणि माणूस बारा मिनिटांत उठतो नाहीतर चाळीस. तिसऱ्या दिवशी माझा सोमवार होता. उपवास असल्यामुळं ताटांकडं लक्ष नव्हतं, म्हणून माणसांकडं बघत बसले. भाकरी संपते, भात येतो, दुसऱ्यांदा भात येतो, मग ताकासाठी हाक येते, "मज्जिगे!" ताक आलं की तीन मिनिटांत खुर्ची सरकते. एकाची सरकली, दुसऱ्याची, पाचव्याची. आणि मला उमगलं, अप्पा. तुम्ही बघत नव्हताच. दारात पाठमोरे उभे राहून तुम्ही ताकाची हाक ऐकत होता!

पोरीला सांगितलं तर तिनं मला भर खानावळीत मिठी मारली. दुसऱ्या दिवशी फोनमध्ये प्रत्येक खुर्चीला एक बटण आलं, ताक मागितलं की दाबायचं. वाढप्यांचे हात भरलेले, तेव्हा दाबणार कोण? मी. भिंतीकडेच्या टेबलाशी बसून चार दिवस दाबलं आणि फोननं सांगितलेली वेळ एक-दोन मिनिटांच्या फरकानं बरोबर आली. मालकाचा मुलगा येऊन बघून गेला. "अक्का, अप्पांची जागा घेतलासा की." घरी येऊन देवापुढं साखर ठेवली.

मग तो रविवार आला. दार माणसांनी भरलेलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारबाबा एकटेच जेवत होते, अगदी सावकाश, एकेक घास चावून. त्यांनी ताक मागितलं. मी बोट उचललं आणि तसंच ठेवलं. सकाळपासून बघत होते, फोन वाजला की माणसं आत येऊन थेट जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं उभी राहत होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन, शाळेतून भुकेजून आले आणि अशीच एकाच्या खुर्चीमागं उभी राहिले. तुम्ही दंडाला धरून मला बाहेर नेलंत. "ताटावरच्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं न्हाई. त्याच्या घशाखाली घास उतरंल काय?" मारलं नाहीत, पण शेवटची पंगत उठेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसवलंत. इतक्या वर्षांनी त्या रविवारी बघते, तर म्हातारबाबांचा हात थरथरतोय, ताक ताटात सांडतंय. नाही दाबलं मी. ते उठले, हात धुतले, माझ्याकडं न बघता गेले.

त्या दिवशीचा हिशोब चुकला, बटण दाबल्याशिवाय खुर्ची मोकळी झाली हे फोनला कळतच नाही. फोन बारा मिनिटं सांगत होता आणि लोक अर्धा तास उभे. दोन कुटुंबं शिव्या देत निघून गेली. पोरगी तीन दिवस संगणकापुढून उठली नाही, आपल्या कामात कुठं चूक राहिली ते शोधत. एकदा मान वर करून विचारलं, "आई, तू ताकाला बरोबर दाबत होतीस न्हवं?" मी समया घासत होते. म्हटलं, "व्हय की." हातात देवाची समई धरून म्हटलं.

तिनं विश्वास ठेवला. मग तिनं असं ठरवलं की रविवारी लोक ताकानंतरही निवांत बसतात, आणि रविवारच्या वेळेत सरसकट आठ मिनिटं वाढवली. पुढच्या रविवारी मी न चुकता दाबत होते, तर फोन सगळ्यांना जास्त वेळ सांगू लागला. माणसं बाजारात निघून गेली, आणि इकडं खुर्च्या मोकळ्या पडल्या. मालकाचा मुलगा या वेळी हसला नाही. "अक्का, भात निवायलाय आणि गिऱ्हाईक रस्त्यावर हिंडायलंय. अजून एक रविवार बघतो, मग पुरे." तो रविवार उद्या आहे. ती आत बसून आठाची दहा मिनिटं करावीत का, याचा विचार करते आहे. माझ्यामुळं झालेली चूक ती गिऱ्हाइकांच्या सवयीत शोधते आहे.

चहाला बाहेर आली की सांगणार आहे. रागावेल, पण आठ मिनिटं काढून टाकेल, आणि उद्याचं कदाचित सावरेल. खुर्चीमागं कुणी उभं राहू नये म्हणून दाराशीच थांबवायची काही सोय कर, हेही सांगेन. ते तिला पटेल. म्हातारबाबांचं सांगेन, तुम्ही मला पायरीवर बसवलंत ते सांगेन. तिच्या डोळ्यांत पाणीही येईल. पण ते अर्धंच खरं आहे, अप्पा. बाबा गेल्यानंतरही तीन खुर्च्यांवर ताक मागितलं गेलं आणि मी दाबलं नाही. त्या तिघांत कुणी म्हातारं नव्हतं, कुणाचा हात थरथरत नव्हता. दारातली सगळी माणसं आपापल्या फोनकडं बघत होती, त्यांना माहीत नव्हतं, पण ती माझ्या बोटासाठी थांबली होती. लग्न झाल्यापासून मी सगळ्यांची जेवणं होईपर्यंत थांबत आले. माझ्यासाठी एवढी माणसं कधी थांबली नव्हती. मला ते बरं वाटलं. चार-पाच मिनिटंच, पण फार बरं वाटलं.

पाकीट आणलेलं नाही, उगाच वाया जाईल. एवढंच विचारायचं आहे: दारात उभं राहून माणसं थांबवताना तुम्हाला कधी असं वाटलं होतं का? वाटलं असेल तर उलट टपाली कळवा. नसेल वाटलं, तरीही कळवा.