पाटीवरचे ‘अँड सन्स’

तात्या, हे लिहायचं मी टाळत आले. गोव्यात हॉस्टेलच्या काउंटरवर, पुण्यात कॉट बेसिसच्या खोलीत, कुठंही पहिली ओळ सुचली की मी चहा प्यायला उठून जायचे. एका जागी टिकत नाही म्हणून तुम्ही मला भिंगरी म्हणायचात, आणि ते लाडानं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा माझी बारावी अर्धवट राहिली, ती राहिलीच. आज मी इंदापुरात, पाण्याच्या जळक्या मोटरींत नवी तार भरून द्यायच्या तुमच्या दुकानात, तुमच्याच खुर्चीवर बसलेय. तुमच्या हयातीत या खुर्चीला मला हात लावू दिला नव्हतात, म्हणून जरा पसरूनच बसलेय.

उन्हाळ्यात घरी आले तेव्हा काका दारातल्या ओट्यावर बसून आईला सांगत होते, “वहिनी, गिऱ्हाईक हाय कुठं? दिवाळीपर्यंत बघा. न्हाय तर शेड हॉटेलवाल्याला देऊन टाकतो.” जागा काकांच्या नावावर, त्यामुळं आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. मी विचारलं, “काका, तुमची स्वतःची मोटर जळली की कुठं भरता?” तर म्हणाले, “बारामतीला. तितं सगळं मशिनवर भरत्यात.” सख्ख्या भावाच्या दुकानावरून पिकअप पुढं नेतात आणि वर विचारतात, गिऱ्हाईक कुठं हाय.

आपली वेबसाइट आहे हे मी विसरूनच गेले होते. टाय घातलेला एक पोरगा पुण्याहून आला होता, त्याला तुम्ही जेवू घातलंत आणि त्यानं ती करून दिली. आई ती दरवर्षी न चुकता रिन्यू करते. का, विचारलं तर म्हणाली, “लायसन हाय ना ते. न्हाय भरलं तर दुकानाला सील लागतंय.” मी हसले, मग साइट उघडली आणि हसू गेलं. वर ‘वेलकम टू होम’. खाली पिवळी हेल्मेटं घातलेले दोन गोरे साहेब एकमेकांशी हात मिळवतायत. मग ‘इलेक्ट्रोमेकॅनिकल सोल्युशन्स’. पूर्ण पानावर मोटर हा शब्द नाही, इंदापूर नाही. फोन नंबर तुमचा, जो कधीच बंद पडलाय. एवढं करून कुणी लावलाच, तर नंबर अस्तित्वात नाही असं ऐकून तो बारामतीला जाणार. आणि सगळ्यात वर तुमचं आडनाव, त्यापुढं ‘अँड सन्स’. तुम्हाला मी एकटीच झाले, तात्या. मुलगा होईल या भरवशावर पाटी रंगवलीत, झाला नाही, तरी पुसली नाहीत. शाळेत पोरं विचारायची, तुझे भाऊ कुठं असतात?

स्वयंपाकघर आठवतं. ओट्याच्या कडेला तार गुंडाळायचं, वायंडिंगचं हँडल घट्ट बसवलेलं, एका बाजूला वरण शिजतंय आणि आई तांब्याची तार फर्म्यावर गुंडाळतेय, ओठांतल्या ओठांत वेढे मोजत. ती भाकरी थापायला वळली की मी हँडल धरते. तुम्ही दारात उभे. “ठेव ते. परक्याच्या घरी जाऊन मोटरी भरनार हायस व्हय?” मी ठेवते. संध्याकाळी तीच कॉइल तुम्ही गिऱ्हाईकाला दाखवता, “माझ्या हातची हाय, दहा वर्षं बघायला नको.” आई आतून ऐकते आणि पुढची कॉइल गुंडाळायला घेते. तुमच्यावरच्या रागापेक्षा तिच्या या सोसण्याचा राग मला जास्त यायचा.

गोव्यात हॉस्टेलच्या मालकाची साइट सांभाळताना मी साइट शोधात वर आणायचं हे काम उचललं. पानाला नाव काय द्यायचं, माणसं शोधताना कुठले शब्द वापरतात, पत्ता आणि नंबर सगळीकडे एकच कसा ठेवायचा. अवघड काही नाही, चिकाटी लागते, आणि ती माझ्यात नाही. माणसं काय शोधतात हे विचारायला पळसदेवला गेले आणि धरणाचं पाणी उतरून वर आलेलं जुनं देऊळ बघण्यात अर्धा दिवस घालवला. तिथल्या एका शेतकऱ्याला ‘इलेक्ट्रोमेकॅनिकल’ वाचून दाखवलं. “ताई, हे काय औषध हाय का? आमी फोनला सांगतो, मोटर भरून कुठं मिळंल. टायपायला कुणाला येतंय?” मग म्हणाला, “न्हाय तर सरळ म्हनायचं, तात्या मोटरवाले.” ते मला झोंबलं, भरायची आई आणि नाव तुमचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं, काठावरची मोटर उघडी पडून हवा ओढते आणि जळते, हेही त्यानंच सांगितलं. त्यावर मी एक पान लिहिलं.

गोऱ्यांना काढलं. पानाचं नाव ठेवलं, मोटर भरणे, इंदापूर. साइटवरचं ‘अँड सन्स’ खोडलं, बरं वाटलं; दुकानावरची पाटी तशीच राहिली. आईच्या हातांचा फोटो लावला. “माझा कशाला? लोक म्हनतील, बाईनं भरली.” म्हटलं, “मग कुणी भरली?” ती वेढे चुकली. सगळी तार उलगडून पुन्हा सुरुवात केली.

गूगलच्या नकाशावर दुकान दिसायला मालकी दाखवणारा व्हिडिओ लागतो. रस्ता दाखवा, पाटी दाखवा, स्वतःच्या किल्लीनं शटर उघडा, आतली हत्यारं दाखवा. मी ‘अँड सन्स’खाली उभी राहून कुलूप काढलं, शटर वर ढकललं. काही दिवसांनी उत्तर आलं, मंजूर. कुठल्या तरी मशिननं किल्ली बघून मला मालक म्हटलं, तात्या. तुमच्या तोंडून ते कधी निघालं नसतं.

पुढं कितीतरी दिवस काहीच नाही. काका येता-जाता, “काय भिंगरी, गूगल येनार हाय का मोटर घिऊन?” आता दिवाळी तोंडावर आहे. चार-दोन फोन आले, पण शेड वाचेल एवढं त्यात काही नाही.

हे पत्र कुठं धाडणार? तुमचा नंबरसुद्धा मीच साइटवरून काढला. पण एक सांगते. पानाच्या दुसऱ्या ओळीत मी लिहिलंय, ‘तात्या मोटरवाले यांचं दुकान, आता त्यांची बायको आणि मुलगी चालवतात.’ आईला म्हटलं, लोक तसं शोधतात म्हणून घातलं. कुणीच शोधलं नसतं तरी मी तुमचं नाव घातलंच असतं. का, ते मला विचारू नका.

थांबा, बाहेर पिकअप लागली. हौद्यात जळकी मोटर, आणि उतरतायत काका. माझ्याकडे बघत नाहीत, पाटीकडे बघून बोलतायत. “आमच्या पोरानं मोबाईलवर बघितलं, मोटर कुठं भरून मिळंल. हितलंच नाव वर आलं... वहिनी हायत का आत?”