खडूची खूण

बाबा, तुम्हा दोघांना वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. बोटाची जखमही भरत आली, पण ते आईला वाचून दाखवू नका.

काल आमच्या दुकानाच्या मालकांबरोबर एका आजींकडे दार दुरुस्तीच्या कामाला गेले होते. त्यांच्या दुहेरी काचेच्या दाराचं लॉक लागेना, म्हणून त्या दाराला खुर्ची टेकवून झोपायच्या. मालक म्हणाले, लॉकच बदल. मी आधी तुमच्यासारखा दाराच्या कडेला खडू फासला आणि दार लावून पाहिलं. चौकटीवर खाली खडू उमटला. लॉक धडधाकट होतं, दारच बिजागरीवर कललं होतं. स्क्रू जरासा पिळला आणि आजींनी दोन बोटांनी किल्ली फिरवली.

मालकांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

म्हटलं, "माहेरी. वडील सुतार आहेत."

तुमचा खांदा कसा आहे? आपलं मागचं दार अजून उचलूनच लावता ना? आता नुसतं लोटून ठेवा. ते मी येऊन नीट करणार आहे, तुम्ही फक्त खडू धरा.

तुमची,
धाकटी