साडेबारा तास

बिरसी,
६ ऑगस्ट

चि. गजेंद्र,

आशीर्वाद शेवटी लिहीन. धानाची रोवणी आटोपली. तलाव भरला आहे. माझा गुडघा तसाच. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते.

जुलैत दिव्या एकटी आली तेव्हा तू म्हणालास, विमान दिल्लीपर्यंत सोळा तासांचं आहे आई, बाकी तूच मोज. मी मोजलं. तलावाच्या पाण्याच्या पाळ्या तीस वर्षं मोजल्या आहेत. कोणी अर्धा तास जास्त पाणी घेतलं तर बांधीतलं, धानाच्या वाफ्यातलं पाणी बघून सांगते. सॅनफ्रान्सिस्कोहून तुझी बायको रविवारी सकाळी दहाला निघाली, दिल्लीला सोमवारी दुपारी अडीचला उतरली. साडेअठ्ठावीस तास. त्यातून सोळा गेले, साडेबारा उरले.

तिला विचारलं. "विमानातच होती, आई," म्हणाली. घड्याळाचंही काही सांगू लागली. मला ती पळवाट वाटली. मग मी तिची बॅग बघितली. तिचा फोन वाजला की दाराआड उभी राहिले. तू सांगितल्यावरून तिचा पासपोर्ट धानाच्या कोठीत ठेवला. तिनं दोनदा मागितला. सापडत नाही म्हणाले.

वरच्या खोलीत राखी भाड्यानं राहते, विमान चालवायला शिकते. परवा तिच्यापुढं हाच हिशेब मांडला, दिव्याला ऐकू जाईल अशा आवाजात. राखी हसली. "काकी, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं. तुमची सून सरळच येऊन राहिली होती."

मग मी तिला मे महिन्यातला तुझा परतीचा प्रवास सांगितला. दिल्लीहून तू पहाटे चारला निघालास. आत्ताच उतरलो, इथं रात्रीचे आठ वाजले, असा तुझा फोन आला होता. चार आणि सोळा वीस. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं.

राखी या वेळी हसली नाही. भाऊ तिथं सकाळी साडेसातलाच उतरायला हवे होते, म्हणाली. विमान लेट झालं असेल, मी म्हटलं. तिनं तारीख विचारून मोबाइलमध्ये बघितलं आणि मोबाइल ठेवून दिला. विमान वेळेवर होतं.

दिव्या तांदूळ निवडत होती. तू घरी किती वाजता आलास ते मी तिला विचारलं.

"रात्री नऊला. उशीर काऊन झाला, असं मी विचारलं होतं त्यांना. रोज विचारत राहिले. मग त्यांनी माझं तिकीट काढलं."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्ही बॅग बघत होत्या, आई."

तुझे साडेबारा तास कुठं गेले, ते मी विचारणार नाही. विचारलं तर तू हिशेब बरोबर करून देशील.

कोठीतून पासपोर्ट काढला, पुसला, तिच्या हातात दिला. तिकीट तिनं स्वतः काढलं. आज सकाळी गोंदियाहून निघाली. हे पत्र मुद्दाम टपालानं पाठवते. तुला मिळेल तेव्हा तिला तिकडं पोहोचून बरेच दिवस झाले असतील. तुझ्या दाराशी येईल की नाही, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आशीर्वाद निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून दिला. एकच होता.

आई