अर्धे करकोचे

कणकवली,
२ डिसेंबर २०२४

चि. कावेरीस,
अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं तुला 'चि. सौ.' लिहीत आलो. आता रिवाजाप्रमाणे 'गं. भा.' लिहायला हवं, पण धाकट्या भावाच्या बायकोला ते लिहायला हात चालेना. तीन कागद फाडले. शेवटी नुसतं 'चि.' ठेवलं आहे. निवृत्त हेडमास्तराची चूक म्हणून पोटात घाल.

फोन करता आला असता. पण फोनवर मी 'बरा आसा मां?' विचारतो, तू 'हो' म्हणतेस, आणि दोघंही फोन ठेवतो. आज जे सांगायचं आहे ते कागदावरच सांगता येईल.

मंगेशच्या दहाव्याला व्हाळाच्या पाण्याकाठी पिंड ठेवले, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कावळे आंब्यावर बसलेले, पण एक खाली उतरेना. मी हात जोडून एकेक कबूल करत गेलो. कावेरीला अंतर देणार नाही म्हटलं. तुमच्या सुशांतच्या पाठीशी उभा राहीन म्हटलं. माडांना शेणखत घालीन असंसुद्धा म्हटलं. दोन तास झाले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आलो.

कावेरी, त्याचं मन कशात अडकलं होतं ते मला ठाऊक होतं. मी बारा वर्षांचा आणि तो सात वर्षांचा असताना आमच्या वायंगणी भाताच्या मळ्यात एक करकोचा उतरला होता. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढरा तुरा. मंगेश श्वास धरून बघत होता. मला तो उडताना बघायचा होता म्हणून मी दगड मारला. तो उडाला, पुन्हा आला नाही. मंगेश दोन दिवस जेवला नाही. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, 'तुका परत दाखवतंय. एक नाय, शंभर दाखवतंय.'

राजस्थानात खीचन गावी ते थंडीत हजारोंनी येतात हे त्यानेच पुढे शोधून काढलं. दरवर्षी विचारायचा, आणि मी दरवर्षी 'पुढल्या वर्षी' म्हणायचो. कधी परीक्षा, कधी निवडणुकीचं काम, मग माझे गुडघे.

व्हाळाकाठी एवढंच म्हणायचं होतं, की करकोचे बघून येतो. पण भोवती चाळीस माणसं. चारचौघांत पाखरांचं नाव घ्यायची मला लाज वाटली. माझा भाऊ उपाशी गेला असं मला रोज वाटतं.

जानेवारीत खीचनला जावं म्हणतो. तुझी परवानगी असेल तरच जाईन. त्याची दुर्बीण दिलीस तर बरं होईल.

लोभ कमी झाला असेल, तर तसंही कळव.
तुझा,
जयराम

*

मालवण,
९ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने वाचलं, हे खोटं कशाला बोलू? मायन्याचा घोळ घालू नका. नुसतं कावेरी लिहिलंत तरी चालेल, माझं नाव मला ओळखता येतं.

तुम्हाला ठाऊक होतं, तसं मलाही होतं. मी मागे माडाखाली उभी होते. तुम्ही शेणखतापर्यंत पोचलात तेव्हा मला वाटलं, आता बोलतील. मी बोलले असते तर कुणी अडवलं नसतं. पण ते शब्द तुमचे होते, म्हणून ओठ आवळून राहिले. तेव्हा निम्मा दोष माझ्या पदरी घाला.

आता तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. २०१७ साली तुम्ही दोघा भावांची तिकिटं काढलीत, आणि निघायच्या आदल्या दिवशी माघार घेतलीत. त्यांनीही तिकीट परत केलं असं तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. ते एकटे गेले. करकोचे पाहिले. परत आले तेव्हा मी खोदखोदून विचारलं, तर म्हणाले, 'अर्धेच बघलंय. अर्धे दादाक ठेवलंय.' एक सकाळ बघितलं आणि दुसऱ्या सकाळी धर्मशाळेतच बसून राहिले म्हणे! वर मला बजावलं, 'दादाक सांगू नको, तेका वाईट वाटतला.' सात वर्षं मी ते पाळलं.

म्हणजे त्यांना करकोचे बघायचे राहिले नव्हते, दादा. तुम्हाला दाखवायचे राहिले होते.

परवानगी कसली मागता? जा. मला वर्षाच्या आत घराबाहेर पडू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलंय, नाहीतर आले असते. दुर्बीण सुशांतबरोबर पाठवते, त्यालाही न्या. कानटोपी विसरू नका, तिथे आपल्यासारखी थंडी नसते. आणि या वेळी आदल्या दिवशी माघार घेतलीत, तर मी स्वतः कणकवलीला येऊन तुम्हाला गाडीत ढकलीन.

लोभ आटलेला नाही. रागावले होते इतकंच.
आपली,
कावेरी

*

खीचन,
८ जानेवारी २०२५

चि. कावेरीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. सुशांत माझी बॅग, माझ्या गोळ्या आणि माझी कटकट सगळं सांभाळतो.

गावकरी रोज पहाटे कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात ज्वारी टाकून ठेवतात. आज उजाडताच आम्ही शेजारच्या घराच्या गच्चीवर चढलो. मोठे कॅमेरे घेतलेले पंधरा-वीस लोक आधीच होते. अगोदर आवाज आला, बैलगाडीचा कोरडा आस कुरकुरावा तसा, पण सगळ्या आभाळातून. मग ते आले. मोजणार कोण? एक थवा उतरेपर्यंत मागे दुसरा. तीच राखी पाठ, तोच पांढरा तुरा. गडी मळ्यातून उडाला तो थेट इथे पोचला, असं एक क्षण मला खरंच वाटलं.

दुर्बीण डोळ्याला लावली, पण काच धूसर झाली. सुशांतने ती पुसायला घेतली, तर काच स्वच्छच होती.

मग मी उठून उभा राहिलो आणि वर्गात हजेरी घेतो त्या आवाजात म्हटलं, 'मंगेशा, मी इलंय रे! बघ, दाखवतंय तुका!' सगळे कॅमेरेवाले वळून बघायला लागले. कुणीतरी गप्प राहा म्हणून खूण केली. मला लाज वाटली नाही, कावेरी. साठ वर्षांत जे जमलं नाही ते म्हणून झालं. खाली पाखरं दाणे टिपत राहिली, एकही उडालं नाही.

उद्याही जाणार आहे. त्याने सोडलेली दुसरी सकाळ मी बघतो.

एक काम कर. हे पत्र मिळेल त्या दिवशी कावळ्याला पान ठेव. काय होतं ते कळव. माझ्या समाधानासाठी काही रचू नकोस.

आहे तो लोभ असाच सांभाळावा.
तुझा,
जयराम

*

मालवण,
१७ जानेवारी २०२५

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र काल दुपारी आलं. तेव्हा भात निवला होता, म्हणून पुन्हा चूल पेटवली. भात, काळ्या वाटाण्याची आमटी, त्यांना आवडायचं तसं सोलकढी थोडी तिखट. पान परसात धुण्याच्या दगडावर ठेवलं. तुमचं पत्र तिथेच उभी राहून मोठ्याने वाचलं. गच्चीवर ओरडलात तो भाग दोनदा वाचला.

कावळ्याचं खरं ते कळव म्हणालात. खरं हे, की मी पाहिलंच नाही. वाचून झालं आणि दगडाकडे पाठ करून घरात आले. मागे फडफडलं, ते कावळा होता की शेजाऱ्यांची कोंबडी, वळून बघावंसं वाटलं नाही. उरलेला भात वाढून घेतला आणि पोटभर जेवले. ऑक्टोबरपासून तशी जेवले नव्हते.

वर्ष सरलं की मलाही न्या. 'पुढल्या वर्षी' हा तुमचा शब्द आता मी घेते, कारण मी तो पाळीन. तुम्ही मात्र एक करा. घरी परतलात की सगळंच सांगून टाकू नका. अर्धे मला ठेवा.

लोभ दोन्हीकडून राहो.
आपली,
कावेरी